सैन्य नसलेल्या पोपपुढे राजे का वाकत होते?

कुतूहल (प्रश्न)

नमस्कार. गेले काही महिने मी युरोपच्या मध्ययुगाचा इतिहास वाचतो आहे आणि एका प्रश्नापाशी पुन्हा पुन्हा येऊन अडतो आहे. जानेवारी १०७७ मध्ये जर्मनीचा राजा चौथा हेन्री ऐन हिवाळ्यात आल्प्स पर्वत ओलांडून उत्तर इटलीतील कानोसाच्या किल्ल्यापाशी आला आणि राजवस्त्रे उतरवून, अनवाणी पायांनी, साध्या लोकरी कपड्यांत तीन दिवस पोप सातवा ग्रेगरी याच्या क्षमेची वाट पाहत दाराशी थांबला. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, सप्टेंबर १३०३ मध्ये, फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याच्या माणसांनी अनान्यी या गावात पोप आठवा बॉनिफेस याच्या वाड्यात शिरून त्यालाच कैद केले. गावकऱ्यांनी त्याची सुटका केली खरी, पण सुमारे महिन्याभरात तो रोममध्ये मरण पावला.

दोन्ही पोपांचा दावा जवळजवळ एकच होता. राजे असोत वा सामान्य जन, साऱ्यांच्या आत्म्याचा हिशेब देण्याची जबाबदारी पोपवर आहे आणि म्हणून पोप राजांचाही न्याय करू शकतो, असे दोघेही म्हणत होते. दोघांच्या हातातले शस्त्रही एकच होते, ते म्हणजे धर्मसमुदायातून बहिष्कृत करण्याचा अधिकार. मग एका वेळी या शस्त्राने राजा दाराशी येतो आणि दुसऱ्या वेळी त्याच शस्त्राचा धाक असूनही राजाची माणसे पोपच्या घरात शिरतात, असे का व्हावे? 'त्या काळी लोक श्रद्धाळू होते' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण १३०३ मधील फ्रेंच माणूस १०७७ मधील जर्मन माणसापेक्षा कमी श्रद्धाळू होता असे मानायला काही आधार दिसत नाही. ज्यांनी या काळाचा अधिक अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

साक्षेप

आपण श्रद्धेचे उत्तर बाजूला ठेवलेत ते योग्यच केलेत. श्रद्धा ही पार्श्वभूमी होती. एखाद्या विशिष्ट वर्षी एखादा विशिष्ट राजा का नमला, याचे कारण तेवढ्याने कळत नाही. कानोसाचे चित्र इतके प्रभावी आहे की आपण त्याकडे पाहताना बर्फ, अनवाणी पाय आणि बंद दार एवढेच पाहतो. त्याआधीच्या वर्षभरात काय घडले ते नजरेआड होते. माझ्या मते उत्तर त्या वर्षभरात आहे.

त्या काळातल्या राज्याला पगारी नोकरशाही नव्हती आणि खडे सैन्यही नव्हते. राजाची सत्ता म्हणजे सरदारांनी आणि बिशपांनी त्याच्याशी वाहिलेल्या निष्ठेच्या शपथा. शपथ देवाला साक्षी ठेवून घेतली जाई, म्हणून ती पाळावी की नाही हा प्रश्न अखेर धर्माच्या कक्षेत येई. फेब्रुवारी १०७६ मध्ये ग्रेगरीने हेन्रीला बहिष्कृत केले तेव्हा त्याच निर्णयात त्याने हेन्रीच्या प्रजेला तिच्या शपथेतूनही मोकळे केले. राजासाठी सर्वांत धोकादायक होता तो हा दुसरा भाग. सॅक्सनीतील सरदारांचे हेन्रीशी आधीपासूनच हाडवैर होते. १०७३ मध्ये त्यांनी बंड केले होते आणि १०७५ मध्ये त्यांचा पराभव झाला होता. पुन्हा उठायचे तर त्यांच्यावर शपथभंगाचा कलंक आला असता. पोपच्या निर्णयाने तो कलंक पुसला गेला आणि कालपर्यंत जे बंडखोर होते ते आज धर्माची आज्ञा पाळणारे ठरले. दक्षिण जर्मनीतील मोठे सरदारही त्यांना येऊन मिळाले.

ऑक्टोबर १०७६ मध्ये ट्रिबुर येथे जमलेल्या या सरदारांनी ठरवले की बहिष्काराला एक वर्ष पूर्ण होण्याआधी हेन्रीने क्षमा मिळवली नाही, तर ते त्याला राजा मानणार नाहीत. शिवाय फेब्रुवारीत आउग्सबुर्ग येथे भरणाऱ्या सभेला पोपने यावे आणि तेथे या प्रकरणाचा निकाल द्यावा. हेन्रीला ही सभा कोणत्याही परिस्थितीत टाळायची होती. म्हणून तो कडाक्याच्या थंडीत आल्प्स ओलांडून, जर्मनीकडे निघालेल्या पोपला वाटेतच गाठायला धावला. ग्रेगरीला हेन्री सैन्य घेऊन आला की काय अशी शंका आली आणि तो टस्कनीच्या माटिल्डाच्या किल्ल्यात, म्हणजे कानोसाला, आश्रयाला गेला. दाराबाहेर राजा होता, आणि आत राजाला भिऊन आश्रय घेतलेला पोप होता. हे लक्षात घेतले की त्या प्रसंगाचा तोल बराच बदलतो.

आता त्या तीन दिवसांविषयी. ग्रेगरीने नंतर जर्मन सरदारांना जे पत्र लिहिले त्यात त्याने स्वतःच नोंदवले आहे की त्याच्याभोवतीच्या लोकांना हेन्रीची दया आली, ते त्याच्यासाठी रडून विनवण्या करू लागले आणि काही जण तर असेही म्हणाले की हा धर्मगुरूचा कठोरपणा नसून जुलमी माणसाचे क्रौर्य आहे. हे पत्र म्हणजे एका अर्थी खुलासा आहे. कारण ग्रेगरी पेचात सापडला होता. राजकारणी म्हणून त्याला हेन्रीला आउग्सबुर्गच्या सभेपर्यंत टांगून ठेवणे सोयीचे होते. पण तो धर्मगुरू होता, आणि पश्चात्ताप करून दाराशी आलेल्या पाप्याला धर्मगुरू परत पाठवू शकत नाही. हेन्रीने पोपला त्याच्याच अधिकाराच्या नियमात बांधले. क्षमा मिळाली, वर्षाची मुदत टळली आणि सरदारांचा आधार गेला. त्यांनी मार्च १०७७ मध्ये स्वाबियाच्या रुडॉल्फला राजा म्हणून निवडले, पण आता हेन्री बहिष्कृत नव्हता, त्यामुळे अनेक जण त्याच्याकडे परतले.

पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही, पण तीच आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. १०८० मध्ये ग्रेगरीने हेन्रीला दुसऱ्यांदा बहिष्कृत केले. शस्त्र तेच, धर्मगुरू तोच, राजाही तोच. या वेळी मात्र परिणाम उलटा झाला. जर्मन आणि लोम्बार्ड बिशपांपैकी पुष्कळांनी हेन्रीची बाजू घेतली, ब्रिक्सेनच्या सभेत त्यांनी राव्हेनाच्या आर्चबिशपला पोप म्हणून उभे केले, आणि त्याच वर्षी रुडॉल्फ युद्धातील जखमांनी मेला. १०८४ मध्ये हेन्री रोममध्ये शिरला, आपल्या पोपच्या हातून त्याने सम्राटपदाचा मुकुट घातला, आणि ग्रेगरीला सोडवायला आलेल्या दक्षिण इटलीतील नॉर्मनांनी शहराची अशी लूट केली की रोमकरांचा रोष ग्रेगरीवरच उलटला. १०८५ मध्ये तो सालेर्नो येथे परागंदा अवस्थेत वारला.

तेव्हा १०७७ आणि १३०३ मधील फरक शोधण्याआधी १०७६ आणि १०८० मधील फरक पाहावा. पहिल्या वेळी पोपचा निर्णय उचलून धरायला राज्याच्या आतच एक ताकदवान पक्ष तयार बसला होता; दुसऱ्या वेळी तो पक्ष विखुरला होता. माझा निष्कर्ष असा की पोपच्या निर्णयाला स्वतःचे हातपाय नव्हते. त्याला कोणीतरी उचलून नेणारा लागत असे.

जुनी कागदपत्रे

'साक्षेप' यांनी शपथेचा मुद्दा फार नेमका मांडला आहे. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. बहिष्कार आणि राजांना पदच्युत करणे हे अपवादात्मक प्रसंग होते. वर्षानुवर्षे, रोजच्या व्यवहारात पोपची सत्ता ज्या गोष्टीवर उभी होती ती म्हणजे न्यायालय आणि पत्रव्यवहार. वाचकांना हा भाग रुक्ष वाटतो, पण मला स्वतःला मध्ययुगातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

११४० च्या सुमारास बोलोन्या येथे ग्रेशियन नावाच्या अभ्यासकाने शतकानुशतकांचे धर्मनियम, सभांचे ठराव आणि पोपची पत्रे एकत्र करून, त्यांतील विसंगती दूर करण्याचा प्रयत्न करत एक मोठे संकलन केले. त्यातून चर्चचा कायदा हा विद्यापीठात शिकण्याचा विषय झाला आणि पुढच्या पिढ्यांत त्या कायद्यात तयार झालेली माणसे पोपच्या दरबारात भरू लागली. कायदा एकदा सर्वत्र सारखा मानला गेला की अंतिम अपील कोठे करायचे हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर रोम असे होते. विवाह वैध की अवैध, संतती औरस की अनौरस, बिशपची निवड खरी की खोटी, मठाची जमीन कोणाची, मृत्युपत्र पाळायचे की नाही, अशा कितीतरी गोष्टी धर्मन्यायालयाच्या कक्षेत येत. म्हणजे पोपला कोणाच्या दारात जावे लागत नव्हते. लोकच आपापली भांडणे घेऊन त्याच्या दारात येत होते.

आणि प्रत्येक वेळी रोमलाच जावे लागे असेही नाही. पोप त्या त्या प्रांतातील दोन-तीन धर्माधिकाऱ्यांना पत्र पाठवून, आपल्या वतीने चौकशी करून निकाल देण्याचा अधिकार देत असे. फिर्यादी पत्र घेऊन गावी परतला की त्याच्या शेजारच्या मठाचा प्रमुख त्या खटल्यापुरता पोपचा न्यायाधीश होई. एवढ्या स्वस्त आणि लवचिक व्यवस्थेने पोपचा अधिकार खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला. याउलट राजांचे न्यायालय बहुतेक ठिकाणी एवढे दूरवर पोहोचत नव्हते.

याचा एक ठळक दाखला मी नेहमी देतो. ऑगस्ट ११९३ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याने डेन्मार्कची राजकन्या इंगेबोर्ग हिच्याशी विवाह केला आणि दुसऱ्याच दिवशी तिला नाकारले. फ्रेंच बिशपांनी राजाच्या मनाप्रमाणे विवाह रद्द ठरवला. परक्या देशात भाषाही न कळणारी ही तरुण स्त्री आणि तिचा भाऊ डेन्मार्कचा राजा यांनी रोमकडे दाद मागितली. राजाने दरम्यान आणखी एक विवाह केला. पोप तिसरा इनोसंट याने १२०० मध्ये राजाच्या प्रदेशातील धर्मविधी काही महिने बंद पाडले. तरीही इंगेबोर्गला राणी म्हणून प्रत्यक्ष परत घेतले गेले ते १२१३ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. पोपची सत्ता किती अपुरी होती हे या वीस वर्षांवरून दिसते, यात शंका नाही. पण राजाने स्वतःच्या बिशपांकडून मिळवलेला निकाल अंतिम ठरला नाही, कारण त्या निकालाच्या वर दाद मागण्याची एक जागा अस्तित्वात होती, हेही त्यावरून दिसते. ज्याच्याकडे दुसरा कोणताही उपाय उरला नव्हता अशा माणसाला त्या जागेचे मोल फार होते, आणि माझ्या मते पोपच्या प्रभावाचे मूळ तिथे आहे.

या वाढत्या व्यापाची चिंता चर्चमधल्या माणसांनाही वाटत होती. ११४५ ते ११५३ या काळात पोप असलेला तिसरा युजीन हा क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड याचा शिष्य. त्याला बर्नार्डने लिहून बजावले की तुझ्या वाड्यात रोज कायद्यांचा कोलाहल चालतो, पण ते कायदे रोमन सम्राट जस्टिनियनचे आहेत, देवाचे नाहीत.

१२१५ मधील चौथ्या लॅटरन परिषदेकडेही याच नजरेने पाहावे. तिला चारशेहून अधिक बिशप आले आणि ७१ नियम संमत झाले. प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे, विवाहापूर्वी त्याची जाहीर घोषणा व्हावी, विवाहाला निषिद्ध असलेले नाते सातव्या पिढीऐवजी चौथ्या पिढीपर्यंतच मोजावे, तापलेले लोखंड किंवा पाणी वापरून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या परीक्षांना, म्हणजे 'दिव्यां'ना, धर्मगुरूंनी आशीर्वाद देऊ नये. यातला शेवटचा नियम पाहा. धर्मगुरूच्या सहभागाशिवाय दिव्याला अर्थ उरत नव्हता, त्यामुळे इंग्लंडसारख्या राज्याला गुन्ह्यांच्या खटल्यांची पद्धतच बदलावी लागली आणि तेथे पंचांकडून निर्णय घेण्याची पद्धत रुजली. एवढा खोल बदल कोणत्याही बहिष्काराने घडवला नसता.

उत्तरायण

दोन्ही प्रतिसाद आवडले, परंतु मला त्यांतील एका गृहीतकाविषयी मतभेद नोंदवायचा आहे. 'सैन्य नसलेला पोप' हे प्रश्नाच्या शीर्षकातले वर्णन मला मान्य नाही. ७५६ मध्ये फ्रँकांचा राजा पेपिन याने लोम्बार्डांकडून जिंकलेला प्रदेश पोपला दिला तेव्हापासून पोप हा मध्य इटलीतील एक भूमिपतीही होता. त्याला किल्ले होते, सरदार होते, शत्रू होते. त्या भूमीवरचा हक्क सिद्ध करण्यासाठी सम्राट कॉन्स्टंटाइनने सारा पश्चिम भाग पोपला दान दिल्याचा एक दस्तऐवजही वापरात होता; तो आठव्या शतकात बनवलेला बनावट कागद आहे हे लोरेंझो वाल्लाने भाषेच्या आधारे १४४० मध्ये सिद्ध केले. नवव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोपपद हे बऱ्याच अंशी रोममधील घराण्यांच्या भांडणाचा विषय होते, आणि १०४६ मध्ये सम्राट तिसरा हेन्री याने सुत्री आणि रोम येथील सभांमध्ये एकमेकांविरुद्ध दावा सांगणाऱ्या तिघांना बाजूला सारून आपल्या पसंतीचा पोप बसवला. अवघ्या तीस वर्षांनी त्याच सम्राटाचा मुलगा कानोसाच्या दाराशी उभा होता. या तीस वर्षांत जे बदलले त्यात १०५९ या वर्षाचे महत्त्व मोठे आहे. त्या वर्षी पोपची निवड कार्डिनलांनी करावी असा नियम झाला, आणि त्याच वर्षी दक्षिण इटलीतील नॉर्मनांचा प्रमुख रॉबर्ट गिस्कार हा पोपचा मांडलिक झाला. निवडणूक सम्राटाच्या हातून काढली आणि संरक्षणासाठी दुसरी तलवार शोधली, हे दोन्ही एकाच वर्षी घडले. हा मला योगायोग वाटत नाही.

उसन्या तलवारीची किंमत मात्र प्रत्येक वेळी मोजावी लागली. खुद्द रोम शहर पोपच्या हातात क्वचितच पूर्णपणे असे. ११४३ मध्ये रोमकरांनी स्वतःचे नगरशासन स्थापन केले. 'जुनी कागदपत्रे' यांनी ज्या तिसऱ्या युजीनचा उल्लेख केला, त्याला निवडीनंतर लगेच शहर सोडावे लागले आणि दुसऱ्या धर्मयुद्धाचे आवाहन करणारे पत्र त्याने डिसेंबर ११४५ मध्ये रोमबाहेरूनच लिहिले. फ्रान्स आणि जर्मनीच्या राजांना पूर्वेकडे पाठवू शकणारा माणूस स्वतःच्या शहरात राहू शकत नव्हता. पोपच्या सत्तेचे वर्णन करताना ही गोष्ट कधीही विसरू नये असे मला कळकळीने वाटते, कारण दूर अंतरावर तो न्यायाचा स्रोत होता आणि जवळून पाहणाऱ्यांना तो कर मागणारा शेजारी होता.

सम्राट दुसरा फ्रेडरिक हे याचे सर्वांत कठोर उदाहरण आहे. जर्मनी आणि सिसिली ही दोन्ही राज्ये त्याच्याकडे असल्याने पोपचा प्रदेश मधोमध सापडला होता. नवव्या ग्रेगरीने १२२७ मध्ये त्याला धर्मयुद्धावर जाण्यास विलंब केला म्हणून बहिष्कृत केले. फ्रेडरिक बहिष्कृत असतानाच गेला आणि १२२९ मध्ये इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून, फारसे रक्त न सांडता त्याने जेरूसलेम मिळवले. १२३९ मध्ये पुन्हा बहिष्कार झाला. १२४१ मध्ये पोपने बोलावलेल्या परिषदेला समुद्रमार्गे निघालेले धर्माधिकारी फ्रेडरिकच्या बाजूच्या नौदलाने जिल्यो बेटाजवळ पकडून नेले. १२४५ मध्ये चौथ्या इनोसंटने लिओन येथून त्याला पदच्युत घोषित केले, तरीही १२५० मध्ये मरेपर्यंत तो लढतच राहिला. त्यानंतर पोपने त्याच्या घराण्याला सिसिलीतून हाकलण्यासाठी फ्रान्सच्या राजाचा भाऊ आंजूचा चार्ल्स याला बोलावले. चार्ल्सने १२६६ मध्ये बेनेव्हेंतोची लढाई जिंकली आणि १२६८ मध्ये त्या घराण्याचा सोळा वर्षांचा वारस कॉनराडिन याचा शिरच्छेद केला. जर्मन सम्राटाचे ओझे उतरवण्यासाठी पोपने फ्रेंच राजघराण्याचे ओझे डोक्यावर घेतले. पुढे पस्तीस वर्षांनी अनान्यीला जे घडले त्याची वाट इथे तयार झाली, असे मी मानतो. धर्मयुद्धाचे आवाहन ख्रिस्ती सम्राटाच्याच घराण्याविरुद्ध वापरले गेले तेव्हा त्या आवाहनाचे वजन अनेकांच्या मनात घटले, हा भाग वेगळाच.

कुतूहल

तिघांचेही मनापासून आभार. आपण उल्लेखिलेल्या १०८० च्या दुसऱ्या बहिष्काराविषयी मी कधीच विचार केला नव्हता. एक उपप्रश्न विचारतो. इंग्लंडचा राजा जॉन याने १२१३ मध्ये आपले राज्यच पोपला अर्पण केले आणि ते मांडलिक म्हणून परत घेतले. तिथे तर संपूर्ण देशातील धर्मविधी सहा वर्षे बंद होते असे वाचले. ही शिक्षा प्रजेला होती, राजाला नव्हे. मग राजा नमला तो प्रजेच्या असंतोषामुळे का?

साक्षेप

फार चांगला उपप्रश्न आहे, आणि उत्तर बहुधा 'नाही' असे आहे.

वाद कँटरबरीच्या आर्चबिशपपदाचा होता. १२०५ मध्ये ते पद रिकामे झाले, निवडीवरून तंटा झाला, आणि तिसऱ्या इनोसंटने दोन्ही उमेदवार बाजूला सारून स्टीफन लँग्टनला नेमले. जॉनने त्याला देशात पाऊल ठेवू दिले नाही. मार्च १२०८ पासून इंग्लंडमध्ये सामूहिक धर्मबंदी लागू झाली. चर्चमधील नित्य उपासना थांबली, घंटा वाजेनाशा झाल्या, मृतांना पवित्र भूमीत पुरता येईना. बालकांचा बाप्तिस्मा आणि मरणासन्न व्यक्तीचे पापनिवेदन तेवढे चालू राहिले. नोव्हेंबर १२०९ मध्ये जॉन स्वतः बहिष्कृत झाला. आपण म्हणता तसे ही शिक्षा निष्पाप माणसांना होती, आणि आपल्या मृत आईवडिलांना चर्चबाहेरच्या जमिनीत पुरावे लागलेल्या कुटुंबांचा विचार केला की या शस्त्राविषयी मला आजही तीव्र नापसंती वाटते.

पण जॉनला त्याची झळ लागली का? त्याने चर्चच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या आणि त्यांच्या उत्पन्नावर काही वर्षे त्याचा खजिना भरला. प्रजेने बंड केले नाही. तो नमला तेव्हा १२१३ साल उजाडले होते, त्याचे स्वतःचे सरदार त्याच्याविरुद्ध कट करत होते, आणि फ्रान्सचा राजा खाडीपलीकडे स्वारीची तयारी करत होता. म्हणजे पुन्हा तेच. पोपचा निर्णय पाच वर्षे पडून राहिला आणि उचलून धरणारे हात दिसू लागताच प्रभावी ठरला.

आणि जॉनने ज्या चतुराईने त्यातून मार्ग काढला ती हेन्रीच्या तोडीची होती. मे १२१३ मध्ये डोव्हरजवळ त्याने पोपच्या प्रतिनिधीसमोर इंग्लंड आणि आयर्लंड पोपला अर्पण केले आणि वार्षिक १,००० मार्क खंडणी कबूल केली, त्यांपैकी ७०० इंग्लंडसाठी आणि ३०० आयर्लंडसाठी. त्या क्षणापासून त्याच्यावर स्वारी करणे म्हणजे पोपच्या जहागिरीवर स्वारी करणे ठरले. १२१५ मध्ये सरदारांनी त्याच्याकडून मॅग्ना कार्टा मान्य करून घेतला तेव्हा इनोसंटने त्याच ऑगस्टमध्ये तो रद्दबातल ठरवला, कारण मांडलिकाकडून मालकाच्या संमतीशिवाय, बळजबरीने काढून घेतलेला करार त्याच्या दृष्टीने वैध नव्हता. परंतु ही कथा इथे संपत नाही. ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन वारला, गादीवर नऊ वर्षांचा मुलगा आला आणि अर्धा देश फ्रेंच राजपुत्र लुईच्या ताब्यात होता. त्या वेळी पोपचा प्रतिनिधी ग्वाला याने विल्यम मार्शलच्या सोबतीने बालराजाचा पक्ष सावरला, आणि नोव्हेंबरमध्ये सुधारित मॅग्ना कार्टा पुन्हा जाहीर झाला तेव्हा त्यावर या दोघांच्याच मुद्रा होत्या. एका पोपने रद्द केलेली सनद पुढच्या पोपच्या प्रतिनिधीच्या मुद्रेने जिवंत राहिली. पोपची सत्ता हे एकाच दिशेने ढकलणारे यंत्र होते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य वाचावा.

जुनी कागदपत्रे

आता मूळ प्रश्नातील १३०३ विषयी लिहितो, कारण तो भाग अजून राहिला आहे.

'उत्तरायण' यांनी फ्रेंच ओझ्याचा मुद्दा मांडला तो बरोबर आहे, पण मला त्याहून महत्त्वाचा बदल राज्याच्या आत दिसतो. तेराव्या शतकात राजांनीही तेच केले जे बाराव्या शतकात पोपने केले होते. त्यांनी कायदा शिकलेली माणसे नेमली, कागदपत्रे जपून ठेवली, अपिलाची न्यायालये उभारली आणि नियमित कर बसवले. अनान्यीला गेलेल्या तुकडीबरोबर रोमन सरदार घराण्यातला शारा कोलोन्ना होता, पण फ्रान्सच्या राजाचा प्रतिनिधी म्हणून जो गेला तो गियोम द नोगारे हा कायद्याचा अध्यापक होता. तो बॉनिफेसवर आरोप ठेवून त्याला परिषदेपुढे उभे करायला निघाला होता. पोपचीच भाषा आता पोपविरुद्ध बोलली जात होती.

भांडण सुरू झाले ते पैशावरून. १२९६ मध्ये बॉनिफेसने पोपच्या परवानगीशिवाय राजांनी धर्मगुरूंवर कर बसवू नयेत असा आदेश काढला. सातव्या ग्रेगरीच्या काळात अशा आदेशाला विरोध करण्यासाठी सरदार जमवावे लागले असते. फिलिपने फ्रान्समधून सोने-चांदी बाहेर नेण्यावर बंदी घातली आणि रोमकडे जाणारा पैसा थांबवला. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने कर न देणाऱ्या धर्मगुरूंचे कायद्याचे संरक्षण काढून घेतले. १२९७ मध्ये बॉनिफेसला माघार घ्यावी लागली. १३०१ मध्ये फिलिपने पामिएच्या बिशपला अटक केल्यावर वाद पुन्हा भडकला. एप्रिल १३०२ मध्ये राजाने सरदार, धर्मगुरू आणि नगरांचे प्रतिनिधी यांना पॅरिसच्या नोत्रदाममध्ये बोलावून आपल्या बाजूने उभे केले. १०७६ मध्ये पोपला राज्याच्या आत जो पक्ष मिळाला होता, तो पक्ष जमू नये म्हणून या वेळी राजाने आधीच सगळ्यांना एका छताखाली जमवले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बॉनिफेसने प्रत्येक मनुष्याने पोपच्या अधीन असणे मुक्तीसाठी आवश्यक आहे असे घोषित केले. पोपच्या सत्तेचा याहून मोठा दावा मध्ययुगात क्वचितच झाला असेल, आणि तो ऐकून फ्रान्समधील एकही मोठा सरदार राजापासून फुटला नाही. पुढच्या वर्षी ८ सप्टेंबरला फिलिपचा बहिष्कार जाहीर व्हायचा होता. नोगारे ७ सप्टेंबरच्या पहाटेच पोहोचला.

पोपची सत्ता त्या दिवशी संपली असे मात्र कोणी समजू नये. १३०९ पासून १३७७ पर्यंत पोप आव्हिन्योंला राहिले, आणि नेमणुका, करवसुली व पत्रव्यवहार या बाबतींत त्यांचा कारभार आधीपेक्षा कितीतरी व्यापक झाला. तिसऱ्या इनोसंटच्या काळात वर्षाला शेकड्यांनी निघणारी पत्रे आता हजारांनी निघू लागली. कारभार वाढला आणि राजाचा न्याय करण्याचे सामर्थ्य घटले. १३७८ नंतर एकाच वेळी दोन आणि १४०९ नंतर तीन पोप झाले तेव्हा कोणत्या पोपला मानायचे हे राजेच ठरवू लागले, आणि तो पेच सुटला १४१७ मध्ये, कॉन्स्टन्सच्या परिषदेत.

आपल्या दोन प्रसंगांतील अंतर मला सर्वांत स्पष्ट दिसते ते एका कागदात. कानोसानंतर ग्रेगरीने जर्मन सरदारांना पाठवलेले पत्र त्याच्या नोंदवहीत जसेच्या तसे टिकून आहे. बॉनिफेसनंतर फ्रेंच पोप पाचवा क्लेमेंट याने १३११ मध्ये फिलिपच्या धर्मनिष्ठ हेतूची प्रशंसा केली आणि बॉनिफेसच्या नोंदवहीतून राजाविरुद्धचे आदेश खरवडून काढण्याचा हुकूम दिला. त्या नोंदवह्या आजही आहेत, आणि त्यांतल्या काही ओळींच्या जागी नुसते खरवडलेले चर्मपत्र आहे.